पडद्याखालच्या ओळी

मामांनी आयुष्यात एकही सिनेमा पुरता पाहिला नव्हता. आमच्या कॉलेजचा विद्यार्थी चित्रपट महोत्सव त्यांनी सुरू केला, पंधरा-सोळा वर्षं चालवला आणि प्रत्येक खेळाला ते पडद्याकडे पाठ करून बसले. फिजिक्सच्या लॅबमधलं एक उंच लाकडी स्टूल ते हॉलमध्ये आणत, पडद्याच्या कोपऱ्याशी ठेवत आणि लोकांकडे तोंड करून बसत. नव्या माणसाला वाटे, गर्दीवर लक्ष ठेवायला बसवलेला हा शिपाई असावा. कुणी विचारलंच तर म्हणत, "पडद्याकडं बघायला तीनशे माणसं हायेत की. त्यांच्याकडं कोण बघणार?"

ते शिपाई नव्हते आणि प्राध्यापकही नव्हते. लॅब असिस्टंट होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं, प्राचार्यसुद्धा. निजामाच्या काळात उर्दू शाळेत चार इयत्ता झालेल्या. मराठी वाचायला नोकरीत शिकले, इंग्रजी नाहीच. पण लॅबमधल्या उपकरणांची इंग्रजी नावं त्यांना स्पेलिंगसकट पाठ होती. ती ते चित्रासारखी ओळखत.

जालना जिल्हा झाला त्यानंतर एक-दोन वर्षांत कॉलेजला कुठल्याशा योजनेतून एक प्रोजेक्टर मिळाला. तो कुठे ठेवायचा हे कुणाला कळेना, म्हणून मामांच्या कपाटात आला. एवढंच त्या महोत्सवाचं मूळ. पुण्याहून मागवलेल्या विद्यार्थ्यांच्या चार फिल्म पहिल्या वर्षी दाखवल्या. पुढे परभणी-नांदेडकडची मुलं लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा मागून आणून स्वतःच्या फिल्म करू लागली. त्यानंतर कुणीतरी दूतावासांना पत्रं लिहिली आणि परदेशातल्या सिनेमा शिकवणाऱ्या शाळांमधून टपालाने कॅसेटी यायला लागल्या. मी कॉलेजात गेले तेव्हा महोत्सव तीन दिवसांचा झाला होता आणि निम्म्या फिल्म परदेशी होत्या.

महोत्सवाच्या आठवड्यात मामा पाटीवर खडूने फिल्मचं नाव लिहून एमआयडीसीत लोखंडी सळया करणाऱ्या रिरोलिंग मिलच्या फाटकावर उभे राहत. पाळी सुटायची ती वेळ. नावाखाली ठरलेली ओळ असे: 'मराठीतून सांगण्यात येईल.' तीच पाटी घेऊन ते एसटीने कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जात. लोक खरंच येत. मिलमधले फिटर सायकलींवर, बाजारकरी टेम्पोतून. हॉलमध्ये खुर्च्या नव्हत्या, सतरंज्या होत्या. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांसाठी सोफा आणला, तर मामांनी तो व्हरांड्यात ठेवला. पाहुण्यांना म्हणाले, "साहेब, चपला तिथं ठिवा आन् मंडळीत बसा. मागं सोफ्यावर बसलं की पिक्चर लांब पडतो." पाहुणे बसले. पाय अवघडले म्हणून तासाभरात उठलेही, पण बसले.

'मराठीतून सांगण्यात येईल' ही मामांची युक्ती. फिल्म परदेशी, पडद्याखाली ओळी इंग्रजी, आणि समोरच्या तीनशेतल्या अडीचशेंना इंग्रजी येत नाही. मग पडद्याच्या बाजूला एक टेबल, त्यावर दिवा आणि माइक. तिथे बसणाऱ्याने ओळी वाचायच्या आणि लगेच मराठीत सांगायच्या. सुरुवातीला हे काम इंग्रजीचे एक सर करत. ते संवाद सांगण्याऐवजी 'या ठिकाणी दिग्दर्शकाला असे सुचवायचे आहे' असं म्हणत. लोकांनी आरडाओरडा केला. मामांनी सरांना हात जोडले आणि दुसरा माणूस शोधायला निघाले.

मी लायब्ररीत कोपऱ्यातल्या टेबलावर होते. मला कुणी दिसू नये अशीच ती जागा होती.

"ए कॉन्व्हेंट," ते समोर येऊन म्हणाले. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. "इंग्रजी जल्दी वाचता येतं का?"

"येतं."

"आन् मराठी?"

"घरी बोलतो आम्ही."

"मंग झालं. घरच्यावानीच बोलायचं हाये. तुझे आजोबा पिंपळगावचे ना? बाजारात बैल बघायला यायचे. घ्यायचे कधीच न्हाई."

मला ते आवडलं नाही. आजोबांची शेती अजून तिथे होती, पण आम्ही शहरात राहत होतो, बाबा ऑफिसात होते, आणि शाळेत मी गावाचं नाव फारसं काढत नसे. तरी मी त्यांच्यामागून गेले. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

परीक्षा लॅबमध्ये झाली. त्यांनी प्रॅक्टिकलचं इंग्रजी पुस्तक उघडलं, एका परिच्छेदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, वाच आणि सांग. मी वाचलं, सांगितलं. त्यांचं बोट ओळींवरून खाली सरकत होतं.

"पाच ओळी होत्या," ते म्हणाले. "तू चारच सांगितल्या."

एक ओळ मला नीट कळली नव्हती, ती मी सोडली होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी नुसत्या ओळी मोजल्या होत्या.

"एक मला कळली नाही."

"मंग तसं म्हणायचं. 'मला कळलं न्हाई' म्हणायचं, माइकवर. गाळायचं न्हाई, आन् मनाचं घालायचं बिलकुल न्हाई. ती मंडळी आपल्या भरवशावर बसल्यात. त्यांना काय ठाऊक, तू काय खाऊन टाकलं ते?"

तीनशे लोकांसमोर माइकवरून 'मला कळलं नाही' म्हणायचं होतं. ते म्हणावं लागू नये म्हणून पुढचे दोन महिने मी डिक्शनरी घेऊन बसले. तरी पहिल्याच दिवशी वेळ आली. एका फिल्ममध्ये स्टेशनवर आई आणि मुलगा उभे होते. मुलगा भराभर काही बोलला, ओळ आली, तिच्यात एक वाक्प्रचार होता, माझ्या माहितीतला नसलेला. आई त्यावर काही म्हणाली, ती ओळही तशीच निघून गेली.

"मला... हे मला कळलं नाही," मी म्हणाले.

मग सतरंजीवरून बायकांच्या बाजूने आवाज आला. पिंपळगावच्या बाजारात बांगड्या विकणारी एक कासारीण दर वर्षी पुढे बसायची, ती होती.

"अगं, त्यात काय कळायचं? तो म्हणून राह्यला, दिवाळीला येतो. ती म्हणती, मागल्या बारीलाबी आसंच म्हणला व्हतास."

सगळे हसले. नंतर कळलं, फिल्ममध्ये दिवाळी नव्हती, नाताळ होता, पण बाकी बरोबर होतं. मुलगा आला नाही. कासारणीने शेवटी जोरात नाक शिंकरलं आणि शेजारणीला म्हणाली, "मी म्हणलं न्हवतं?" मी घाबरून मामांकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाठ करून तिच्याकडेच बघत बसले होते, आणि इतकं खूश मी त्यांना क्वचित पाहिलं.

त्यानंतर ती पद्धतच पडली. मी अडले की खालून कुणीतरी सांगे. दोघांचं पटलं नाही तर वाद होई. एका फिटरने एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही पुढं चला, ह्याला काय कळतंय, ह्याची बायको ह्याच्याशी बोलत न्हाई." मी तीन वर्षं त्या टेबलाशी बसले. दिव्याचा उजेड टेबलावर पडायचा, माझ्या तोंडावर नाही. लोकांना आवाज माहीत होता, मी नाही. मला ते फार सोयीचं होतं. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मी त्या अंधारात भांडखोर सासू झाले, दारुडा खलाशी झाले, एका फिल्ममध्ये तर घोडा झाले. माझ्या तोंडून आजोबांच्या घरचे शब्द यायला लागले. लोकांना तेच आवडत.

मामा बाकी कठीण माणूस होते. कौतुक करत नसत. खेळ संपला की स्टूल खांद्यावर टाकून येत आणि म्हणत, "मधी तू घाई केली. ती पोपटी पदरवाली माय मागं राह्यली." कोण कुठे बसलं, कुणाचं लक्ष कुठे उडालं, कोण कधी रडलं, सगळं त्यांच्या डोक्यात असे. फिल्म करणारी मुलं त्यांच्याकडे मत विचारायला येत. ते म्हणत, "पिक्चर मी बघितला न्हाई. पण धाव्या मिनिटाला सतरंजीवर खोकला सुरू झाला. तिथं बघ काय केलंस ते." एक मुलगा रागावून निघून गेला. दुसऱ्या वर्षी तीच फिल्म दहाव्या मिनिटाला कापून घेऊन आला.

माझ्या तिसऱ्या वर्षी महोत्सव मोठा झाला. कमिटी झाली. बियाण्यांच्या कंपनीचे एक मालक अध्यक्ष झाले, कॉमर्सचे एक तरुण सर सचिव. औरंगाबाद रोडवर नवं सभागृह झालं होतं, ते मिळालं. तिथे खुर्च्या होत्या. फिल्मबरोबर नाच, संगीत, खाद्यपदार्थांचे स्टॉल आले, परदेशी पाहुणे आले. माहितीपत्रकावर 'आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक महोत्सव' असं छापलं होतं. मामांचं नाव शेवटच्या पानावर 'सहकार्य' या शब्दाखाली होतं. त्यांनी ते पाहिलंही नसेल. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की पाटी घेऊन फाटकावर जायचं ना आणि टेबल कुठं लावायचं. टेबल लागलं. स्टूलही आलं.

दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, युरोपातल्या एका फिल्म स्कूलमध्ये शिकवणाऱ्या पाहुण्या बाई माझ्याजवळ आल्या. चहा देण्याच्या निमित्ताने मला तिथे उभं केलं होतं, इंग्रजी बोलते म्हणून. सचिव बाजूला होते. मामा हातात बशी धरून अगदी शेजारी, बाईंकडे पाहून हसत होते.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, "पडद्याकडे पाठ करून बसणारे ते गृहस्थ कोण? आणि तो आवाज कुणाचा? तो कशासाठी आहे?"

नुकतीच मी माइकवर एका म्हातारीच्या तोंडून 'मुडद्या' म्हणाले होते आणि सगळं सभागृह हसलं होतं. आता माझ्यासमोर एक परदेशी बाई होती, तिच्या गळ्यात चांदीची बारीक साखळी होती, आणि ती माझ्याशी मी शाळेत शिकलेल्या भाषेत बोलत होती. तिने मला त्या आवाजाची म्हणून ओळखू नये, असं मला वाटलं.

"काही विशेष नाही," मी माझ्या चोख इंग्रजीत म्हणाले. "इथली जुनी सवय आहे. लवकरच बंद होईल."

आवाज माझा आहे, हे मी सांगितलं नाही. बाईंनी मान डोलावली आणि दुसरं काही बोलल्या. सचिवांनी माझं वाक्य ऐकलं होतं.

"काय म्हणल्या?" मामांनी मला विचारलं.

"चहा चांगला आहे म्हणाल्या," मी सांगितलं.

पुढच्या वर्षी कमिटीने ठरवलं, सांगणं बंद. पडद्याखाली इंग्रजी ओळी असतातच. मामांना कारण सांगितलं: परदेशी पाहुण्यांना त्या आवाजाचा त्रास होतो, तशी तक्रार आहे. मामा कमिटीत नव्हते, त्यांना बोलता येणार नव्हतं. मला बोलता आलं असतं. त्या बैठकीला मी एम.ए.च्या वर्गाची विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसले होते. तक्रार कुणी केली, असं मी विचारलं असतं तर सचिवांनी माझ्याकडेच पाहिलं असतं. मी वहीत रेघोट्या ओढत राहिले.

टेबल गेलं तरी मामांनी पहिल्या दिवशी स्टूल लावलं. पाटीवरची खालची ओळ पुसून ते फाटकावर गेले होते, आणि माणसं सवयीने आली होती. अंधार झाला. अर्ध्या तासात मागची एक खुर्ची खडखडली. मग दुसरी. कुणी ओरडलं नाही. येताना घोळक्याने येणारी माणसं जाताना एकेकटी गेली. ती कासारीण बरीच थांबली. तिने दोनदा अंधारात टेबल होतं तिकडे पाहिलं, मग पिशवी उचलली. हे सगळं मामा समोरून बघत होते. तिसऱ्या दिवशी स्टूल लॅबमध्ये परत आलं. त्याच वर्षाअखेर ते निवृत्त झाले.

महोत्सवाचं नाव होत गेलं. चौकात झेंडे लागू लागले, लॉज भरू लागले, पेपरात पुरवण्या येऊ लागल्या. मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. दर वर्षी निमंत्रण यायचं. मी काही ना काही कारण सांगायचे.

मधे पाच-सहा वर्षं गेली. एकदा घरी आले असताना आई म्हणाली, मामा तुझी चौकशी करत होते, डोळ्यांनी दिसत नाही म्हणे आता. ते जालन्यातच, मस्तगड भागात, एका शिंप्याच्या दुकानामागे दोन खोल्यांत राहत. मी गेले तेव्हा ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मोतीबिंदू पिकला होता. मामी आत ज्वारी निवडत होत्या.

"कॉन्व्हेंट आली," मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले. "चालायचा आवाजबी घाबरल्यावानी हाये हिचा."

मी बसले. इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "एक काम हाये तुझ्याकडं. एक पत्र लिहायचं. इंग्रजीत. त्या बाई आल्त्या बघ, बाहेरदेशाच्या, सांगणं चालू होतं त्या शेवटच्या वर्षी. त्यांना."

"काय लिहायचं?"

"माफी मागायची." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आपल्याच्यानं त्यांना त्रास झाला. पाहुणी बाई एवढ्या लांबून आली, आन् तिच्या कानाशी आपण बोलून राह्यलो. मला तवा वाटलंच न्हाई कुणाला त्रास होईल म्हणून. मी तर समोरच्यांकडंच बघत राह्यलो ना. बाईकडं बघायला पायजे होतं."

मी म्हणाले, "मामा, इतक्या वर्षांनी कशाला?"

"एवढं एक राह्यलंय माझं. टाक लिहून."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. घरी येऊन इंग्रजीत केलं. एकही ओळ गाळली नाही आणि स्वतःची एकही घातली नाही. जुन्या माहितीपत्रकावर बाईंच्या फिल्म स्कूलचा पत्ता होता, तिथे पाठवलं. उत्तर येणार नाही, अशी मला आशा होती.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, माझ्या पत्त्यावर. मी ते वाचलं आणि चार दिवस पर्समध्ये ठेवून हिंडले. मामांना दिसत नव्हतं. आजूबाजूला इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. मी काय सांगेन तेच पत्रात असणार होतं. 'त्रास झाला नाही, शुभेच्छा' एवढं सांगितलं असतं तरी ते समाधानाने बसले असते, आणि ते खोटंही झालं नसतं. रविवारी मी जालन्याची बस पकडली.

"आलं?" ते म्हणाले. "सांग."

मी कागद उघडला. बाईंनी लिहिलं होतं, की तुमचं पत्र वाचून मी गोंधळले. मला त्रास मुळीच झाला नव्हता. त्या गावातलं मला आता फार थोडं आठवतं, पण तो आवाज आठवतो, आणि त्याला अंधारातून उत्तरं देणारी माणसं आठवतात. सिनेमा असा पाहिला जाताना मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. आमच्या विद्यार्थ्यांना हे दाखवावं, तुम्हाला आणि त्या आवाजाला आमच्याकडे बोलवावं, असं माझ्या मनात आलं होतं. म्हणून मी तिथे चौकशी केली.

मी थांबले. मामांनी मान किंचित पुढे केली.

"एका मुलीनं मला सांगितलं," मी वाचत होते, सांगत होते, "की ती नुसती जुनी सवय आहे आणि लवकरच बंद होईल. ती कंटाळलेली वाटली. म्हणून मी पुढे काही विचारलं नाही."

मामांची पांढरट बुबुळं माझ्या दिशेने होती, माझ्यावर नव्हती. मग एकदम त्यांनी हाक मारली, "अगं ए! हिकडं ये. आन् त्या मास्तरलाबी बोलव." मास्तर म्हणजे पुढचा शिंपी. मामी पदराला हात पुसत आल्या. मास्तर गळ्यात टेप घेऊन आला. "बसा," मामा म्हणाले. "बाईचं पत्र आलंय. त्रास झालाच न्हवता म्हणती. सांग गं, पहिल्यापासून सांग. सावकाश."

मी पहिल्यापासून सुरू केलं. मामी दाराला टेकून ऐकत होत्या. 'तुम्हाला बोलवावं' यापाशी मास्तर म्हणाला, "अरे वा, मामा, विमानात बसले असते तुम्ही." मामी हसल्या. मी पुढच्या ओळीवर आले. ती सांगितली.

मामींचं हसू थांबलं. "कोण होती गं ती मेली?" त्यांनी विचारलं. "आसं कशाला सांगितलं तिनं?"

पत्रात नाव नव्हतं.

"मी," मी म्हणाले. "मामी, ती मी होते."

मास्तरने गळ्यातला टेप काढून हातात घेतला आणि उगाच गुंडाळू लागला. मामींनी मामांकडे पाहिलं. पत्राच्या दोन ओळी अजून राहिल्या होत्या; मी कागदावरून डोळे वर केले नाहीत.

"पुढं सांग," मामा म्हणाले.